आधी भिंत, मग तलाव

थोरली त्या दिवसांत अशी जळत होती, की थंडीत तिच्या शेजारी बसणाऱ्याला शाल लागत नव्हती. गार झालेला चहा तिनं नुसता हातात धरला तरी त्यातून वाफा यायच्या, असं शेजारीण सांगते. आणि शेजारीण खोटं कधी बोलत नाही, फक्त जरा फुगवून बोलते.

जळायचं कारण म्हणजे धाकटी जाऊ. कुणाला जाऊ घरात असते, कुणाची चढाओढ कामावर असते. थोरलीच्या नशिबी दोन्ही एकाच माणसात आलं होतं. सकाळी स्वयंपाकघरात धाकटी, दिवसभर कामावर शेजारच्या खुर्चीत धाकटी, संध्याकाळी एकाच बसनं घरी, आणि दारात सासूबाई: "आली का गं माझी धाकटी? दमली असेल पोर." थोरली मागून आत यायची. ती काय उडत आली होती?

काम म्हणाल तर धरणाची देखरेख करणारी संस्था होती. धरणाच्या दोन्ही अंगांना दोन उंच खांब, खांबांवर दोन कॅमेरे. एक खालच्या बाजूनं धरणाच्या भिंतीकडे बघायचा, दुसरा वरून तलावाच्या पाण्याकडे. साधा कॅमेरा उजेड बघतो, हे ऊब बघायचे. मांजर भिंतीच्या कडेनं चालत गेलं तर मांजर निघून गेल्यावरही त्याच्या पावलांचे गरम ठसे चित्रात दिसायचे. एकदा म्हणे मांजराचा रागसुद्धा दिसला होता, पण ते राहू द्या.

ही चित्रं म्हणजे खरं तर आकड्यांची चादर. आडव्या-उभ्या ओळींत ठिपके, आणि दर ठिपक्याला एक आकडा, शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत. गार तेवढा लहान, गरम तेवढा मोठा. ही चादर नीट घडी घालून एका मोठ्या फाइलीत ठेवायची, म्हणजे पुढच्या शास्त्रज्ञांना ती वर्षानुवर्षं उघडून बघता येते. घडी घालायचं काम थोरलीचं. त्यासाठी ती प्रोग्राम लिहायची आणि त्यात एका लायब्ररीतल्या सूचना वापरायची.

"पुस्तकांची लायब्ररी नव्हे, सासूबाई," तिनं एकदा समजावलं होतं. "तयार सूचनांची. तिला सांगायचं, ही फाइल, हे चित्र, एवढी रुंदी, एवढी उंची. की ती सगळं जागच्या जागी ठेवून देते."

"सगळं तीच ठेवते?" सासूबाई म्हणाल्या. "मग तू काय करतेस?"

थोरली हे अजून विसरली नव्हती. मेल्यावरही विसरणार नव्हती.

धाकटी नवीन लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं रुंदीच्या जागी उंची दिली आणि उंचीच्या जागी रुंदी. तलाव असा तिरका पिळवटून निघाला, जसा काही कुणी धुऊन पिळून दोरीवर टाकलाय. थोरली इतकी हसली की तिला उचकी लागली, आणि ती उचकी पगार होईपर्यंत टिकली. ते सुखाचे दिवस होते.

मग धाकटीनं रंगपट्टी आणली.

चित्रात नुसते आकडे असतात. कुठल्या आकड्याला कुठला रंग दाखवायचा हे सांगणारी एक पट्टी चित्राबरोबर फाइलीत ठेवता येते. पट्टी ठेवलीच नाही, तर चित्र आपलं काळं, करडं, पांढरं. थोरलीनं इतक्या वर्षांत पट्टी कधी ठेवलीच नव्हती. "भिंत करडीच असते," ती म्हणायची. "तिला लाली-पावडर कशाला?" धाकटीनं मात्र तलावासाठी पट्टी बनवली. खोल निळा, त्यातून हळूच हिरवा, हिरव्यातून पिवळा, पिवळ्यातून केशरी, असा एकेक रंग दुसऱ्यात विरघळत जाणारा. तलाव असा दिसायला लागला की बघणाऱ्याला तहान लागावी.

झालं! चित्रकक्षाचे प्रमुख, ज्यांना प्रत्येक वाक्याआधी खोकल्याची ढास यायची म्हणून सगळे खोकलेसाहेब म्हणायचे, ते खोकायचं विसरून म्हणाले, "वा!" त्यांनी तलावाची चित्रं थोरलीकडून काढून धाकटीला दिली. थोरलीकडे राहिली भिंत. घरी सासूबाईंनी तलावाचं एक चित्र छापून आणायला लावलं आणि जेवणाच्या टेबलासमोर टांगलं. थोरलीला रोज घासागणिक ते बघावं लागायचं. नाकाला मिरच्या झोंबायला जेवणात मिरची लागतेच असं नाही.

"किती गोड दिसतं ना?" दीर म्हणायचा.

"तलाव आहे तो," थोरली म्हणायची. "जिलबी नव्हे."

"तुझ्या भिंतीचं पण एक लाव की," सासूबाई म्हणाल्या. "त्या तिथं, फ्रिजच्या मागं."

त्यात खोकलेसाहेब निवृत्त व्हायला आले. त्यांच्या खिडकीजवळच्या खुर्चीत आता कोण बसणार? खुर्ची काही मोठी भारी नव्हती, तिचं एक चाक तर चालताना उंदरासारखं चिरकायचं. पण थोरली कित्येक वर्षं त्या चिरकण्याकडे कान लावून बसली होती. आणि आता बातमी आली की वरून एक समिती येणार, वर्षभराच्या चित्रांची फाइल मोठ्या पडद्यावर बघणार, आणि खुर्ची कुणाची ते तिथंच ठरवणार. थोरलीला सगळं आधीच दिसलं. तलाव बघून समिती "वा" म्हणणार, भिंत बघून जांभई देणार, आणि धाकटी चिरकत खिडकीशी जाणार.

मत्सराला पाय फुटायला वेळ लागत नाही, फक्त वाट दिसावी लागते. थोरलीला वाट दिसली तिच्या नवऱ्याच्या दुकानात. नवरा शिंपी. एका संध्याकाळी ती तिथं गेली तर तो कातरकामातल्या चिंध्या टोपलीत भरत होता. पोपटी, वांगी, राणी, हळदी, आमसुली, मोरपंखी. कशाचा कशाला मेळ नाही. टोपलीकडे बघून डोळे चुरचुरत होते.

"या चिंध्या जवळजवळ ठेवल्या की किती वाईट दिसतात नाही?" ती म्हणाली.

"माणसांसारखंच आहे ते," नवरा म्हणाला. तो बोलायचा कमी, पण बोलला की टाचणी लागायची.

दुसऱ्या दिवशी धाकटी खांबावरच्या कॅमेऱ्याची काच पुसून घ्यायला धरणावर गेली. जाताना म्हणाली, "ताई, समितीची फाइल तेवढी लिहून ठेवाल? प्रोग्राम तयार आहे. नुसता चालवायचाय."

"जा तू, मी बघते," ताई म्हणाली. आणि खरंच बघितलं.

तिनं एक नवी रंगपट्टी केली. टोपलीतले सगळे रंग एकाखाली एक लिहिले, संपले की परत पहिल्यापासून, असं दोनशे पंचावन्न येईपर्यंत. म्हणजे एका आकड्याला पोपटी, तर लगेच पुढच्याला वांगी, त्याच्या पुढच्याला हळदी. धाकटीच्या पट्टीचं नाव जिथं होतं तिथं या पट्टीचं घातलं. आकड्यांना तिनं हात लावला नाही. 'एकही आकडा खोटा नाही,' ती मनाशी म्हणाली. 'मी काही चोर नाही. मी नुसते कपडे बदलतेय.'

एवढ्यावर थांबली असती तर बिचारी सुटली असती. पण जळणाऱ्या माणसाला थोडं तेल जास्तच लागतं.

धाकटीची एक रीत होती. प्रोग्राममध्ये ती आधी भिंतीची चित्रं फाइलीत घालायची आणि मगच तलावाची. खोकलेसाहेबांनी एकदा विचारलं तर म्हणाली, "आधी थोरल्यांचं, मग माझं." त्या मानपानाचाही थोरलीला राग यायचा, कारण सासूबाईंनी ते ऐकून धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवला होता. आज तिनं ती रीत मोडली. तलाव आधी घातला, भिंत नंतर. समितीनं आधी ती चिंध्यांची टोपली बघावी, डोळे चोळावेत, आणि मग माझी शांत, सभ्य, करडी भिंत बघून म्हणावं, अहाहा, याला म्हणतात काम!

प्रोग्राम चालवला. फाइल तयार झाली. तिनं पहिलं तेवढं चित्र उघडलं. तलाव असा दिसत होता की माशांनीही काठावर येऊन उलट्या कराव्यात. थोरली पदार्थात मीठ बरोबर पडल्यासारखी हसली आणि फाइल बंद केली. पुढची चित्रं कशाला बघायची? भिंत तर तिचीच. आपल्या भिंतीला कोण तपासतं?

समिती आली. तिघं जण. त्यात प्रमुख होत्या एक वयस्कर इंजिनिअर बाई. आयुष्य धरणं बांधण्यात गेलेलं, जुन्या फाइलींतली करडी भिंत आणि निळा-हिरवा तलाव आधीच बघून झालेला, आवाज असा की पाण्यानं वाट सोडावी. खोकलेसाहेब खोकले, पडदा उजळला आणि पहिला तलाव आला.

 मागून कुणीतरी फस्सकन हसलं.

"हे काय आहे?" इंजिनिअर बाई म्हणाल्या. "पाणी आहे का गोधडी?"

धाकटीचा चेहरा असा उतरला की थोरलीला वाटलं, आता जमिनीवरून गोळा करावा लागतो. "माझी पट्टी ही नाही," ती पुटपुटली.

"अगं, मी म्हणत नव्हते का, रंगांच्या फार नादी लागू नये?" थोरली मायेनं म्हणाली. मायेत मध इतका होता की मुंग्या लागाव्यात. "साहेब, पुढं चला ना. भिंत दाखवा."

साहेबांनी भिंत दाखवली. आणि थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं.

भिंत पोपटी होती. भिंत वांगी होती, हळदी होती, राणी होती. कारण त्या लायब्ररीची एक खोड होती, आणि ती खोड थोरलीइतकी कुणालाच माहीत नव्हती, फक्त जळण्याच्या भरात ती विसरली होती. लायब्ररीला एकदा रंगपट्टी सांगितली की दुसरं काही सांगेपर्यंत ती पुढच्या प्रत्येक चित्राला तीच पट्टी लावत राहते. धाकटीच्या प्रोग्राममध्ये भिंत आधी जायची, पट्टी सांगायच्या आधी, म्हणून करडी राहायची. धाकटीचा मान तिला सांभाळत होता. आज भिंत मागून गेली आणि जाता जाता चिंध्या लेवून गेली. दुसऱ्याच्या पानात खडा टाकायला वाकली, तो स्वतःच्याच दाताखाली आला.

"थांबा," इंजिनिअर बाई एकदम म्हणाल्या. त्या उठून पडद्यापाशी गेल्या. "हे इथं काय आहे?"

सगळ्यांनी मान पुढं केली. भिंतीचा सगळा खालचा भाग वांगी होता. पण मधोमध एक बारीक पोपटी रेघ वरून खाली ओघळत आली होती. वांगी भिंतीवर पोपटी रेघ. शिंप्याच्या दुकानात असती तर नवऱ्यानं दोरा म्हणून उचलून फेकली असती.

"पुढचं चित्र," बाई म्हणाल्या. रेघ तिथंही होती. "पुढचं." तिथंही. जसजसे महिने पुढं गेले, तसतशी ती खाली खाली सरकत गेली.

"भिंतीतून पाणी झिरपतंय," बाई म्हणाल्या. "ओली जागा जरा गार असते. आकडा फक्त एकानं कमी आहे. करड्यात एकाचा फरक माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. त्या गुळगुळीत निळ्या-हिरव्यातही दिसला नसता. इथं मात्र शेजारचे दोन आकडे एकमेकांच्या अंगावर धावून जातायत, म्हणून दिसला. वेळेवर कळलं. आता दुरुस्त करता येईल. हे रंग कुणाचे?"

खोकलेसाहेबांनी अभिमानानं छाती काढली. "रंगपट्टीचं काम आमच्या धाकट्या बाई बघतात!"

"शाब्बास!" इंजिनिअर बाईंनी धाकटीचा हात हातात घेऊन जोरात हलवला. "मला वाटलं गोधडी, आणि तुम्ही तर धरणाखालचं शहर वाचवलंत. आणि ही भिंत इतके दिवस करडी कुणी ठेवली होती?"

सगळे थोरलीकडे बघायला लागले.

आता ऐका, त्या क्षणी थोरलीच्या पोटात काय झालं ते. आधी भीती वाटायला हवी होती. मग लाज वाटायला हवी होती. दोघी दारात येऊन उभ्याही होत्या. पण त्या दोघींना कोपरानं ढकलून मत्सर आत शिरला. तिनं रंग निवडले. तिनं चिंध्या आणल्या. तिनं ओळी उलट्या केल्या. आणि हात हलवला जातोय धाकटीचा! धाकटी बोलत का नव्हती? ती तर लाजून हसत होती, चक्क हसत होती! गप्प राहिलं तर थोरली सुटत होती, हे तिला स्पष्ट कळत होतं. फक्त खुर्ची जात होती, आणि कौतुक जात होतं, आणि उद्या सासूबाई जेवणाच्या टेबलासमोर ही पोपटी रेघ टांगणार होत्या, धाकटीच्या नावानं.

"ते रंग माझे आहेत!" थोरली ओरडली.

"तुमचे?" साहेब खोकलेच.

"माझे! मी निवडले! पोपटी पण माझा, वांगी पण माझा! हिला विचारा, हिनं कधी वांगी रंग वापरलाय का?"

"पण तुम्ही तर रंगाच्या विरुद्ध होतात," इंजिनिअर बाई म्हणाल्या. "असे विचित्र रंग तुम्ही कसे काय निवडले? काय विचार केला होता?"

"विचार कसला? हिचा तलाव घाण दिसावा म्हणून निवडले!"

हे वाक्य तोंडातून निघालं आणि खोलीत फिरत राहिलं. पंखाही जरा हळू झाला.  थोरलीनं ते वाक्य पकडून परत गिळायला तोंड उघडलं, पण सुटलेला बाण आणि निसटलेला शब्द शिंप्याच्या बायकोलाही उसवून परत शिवता येत नाही.

इंजिनिअर बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मी पुष्कळ माणसं बघितली," त्या म्हणाल्या, "जी लाजेखातर खोटं बोलतात. जळून खरं बोलणारं माणूस पहिल्यांदाच बघतेय."

खुर्ची धाकटीला मिळाली, हे सांगायला नको. थोरलीला कडक समज मिळाली, आणि भिंत मात्र तिच्याकडेच राहिली. "तिला सांभाळा आता," बाई म्हणाल्या. "आणि पट्टी बदलू नका."

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या, कारण दुसरी जागा नव्हती. पाचेक थांबे गेले.

"तुला कधी कळलं?" शेवटी थोरलीनंच विचारलं.

"भिंत रंगीत आली तेव्हाच," धाकटी खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मी तलाव आधी कधीच घालत नाही, ताई. तेवढी अक्कल आहे मला. ती पट्टी चिकटून राहते, हे तुम्हीच तर शिकवलं होतंत."

"मग तिथं बोलली का नाहीस? हात हलवून घेत बसलीस ती!"

धाकटी वळली. तिचे डोळे लाल होते, पण त्यात एक बारीकशी ठिणगीही होती. "कौतुक काय फक्त तुम्हालाच आवडतं? माझ्या तलावाला गोधडी म्हणाले सगळ्यांसमोर. म्हटलं, ताईंनी माझं घालवलं, तर ताईंचं थोडं मी खाते."

 थोरलीच्या छातीवरचा एक दगड बाजूला सरकला. "म्हणजे तूपण काही देवी नाहीस."

"मी कधी म्हटलं?"

"सासूबाई म्हणतात."

"त्यांना सांगू नका," धाकटी म्हणाली, आणि दोघींना हसू यायच्या बेतात आलं, पण आलं नाही. इतक्या लवकर येतं होय? धाकटीनं पुढं महिनाभर थोरलीच्या हातचा चहा घेतला नाही, आणि ते बरोबरच होतं.

सासूबाईंना सगळी हकिकत दिराकडून कळली. त्यांनी टेबलासमोरचं चित्र काढलं नाही. शेजारी पोपटी रेघेची भिंत मात्र टांगली. फ्रिजच्या मागं नव्हे, समोर. "दिसायला भयंकर आहे," त्या म्हणाल्या, "पण उपयोगाची आहे. अशी माणसंसुद्धा असतात." कुणाकडे बघून म्हणाल्या ते विचारू नका.

भिंतीची दुरुस्ती झाली, रेघ हळूहळू पुसट होऊन गेली. थोरली रोज पहाटेचं चित्र चिंध्यांच्या रंगात उघडायची आणि जरा कुठं पोपटी चमकलं की खुर्चीवरून उडायची. एकदा तो सरडा निघाला.

मग एका सकाळी नव्या वर्षाची फाइल लिहायची वेळ आली. धाकटी खिडकीजवळच्या खुर्चीवरून चिरकत उठली आणि म्हणाली, "ताई, प्रोग्राम तयार आहे. नुसता चालवायचाय." तिनं तो थोरलीच्या हातात दिला. पुन्हा. त्याच हातात.

थोरलीनं ओळी वाचल्या. पहिली ओळ: चिंध्यांची रंगपट्टी लाव. दुसरी: भिंतीची चित्रं घाल. तिसरी: निळी-हिरवी पट्टी लाव. चौथी: तलावाची चित्रं घाल. खुर्ची मिळाली तरी रीत तीच होती. आधी थोरल्यांचं, मग माझं.

थोरली त्या ओळींकडे बघत बसली. आता काय, हिच्या चांगुलपणाचाही हेवा करायचा का?

केला. सवय होती ना. पण प्रोग्राम तिनं होता तसाच चालवला, आणि या वेळी सगळी चित्रं उघडून बघितली, शेवटच्या तलावापर्यंत.